अण्णांच्या मागे पंचेचाळीस किलोमीटर

सोलापूरच्या नवी पेठेत दसरा ते दिवाळी या अठरा-वीस दिवसांत सुट्टी मागणं म्हणजे मालकाच्या पोटावर पाय. रेडिमेडचे गठ्ठे उतरत असतात, गल्लीत हातगाडी आणि स्कूटर एकमेकींना वाट देत नसतात, आणि दुकानातल्या प्रत्येक हाताला काम असतं. तरी अश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजले की आम्ही तिघं काउंटरखालून पिशव्या काढतो आणि मालक हूं की चूं करत नाही. उलट नारळाचे पैसे हातावर ठेवतो. "माझ्या नावानं बी एक फोड."

तुळजापूरला पायी जायची यंदा माझी अकरावी खेप. सोबत पुण्याची भाची होती. ती मे महिन्यात स्पेनच्या दक्षिणेला जाऊन आली. कशाला, तर आठवडाभर चालायला. पैसे भरून चालायला जातात हे तिच्या आईला शेवटपर्यंत पटलं नाही. रोज एका डोंगरी गावातून निघायचं, दुसऱ्या गावात मुक्काम करायचा, बॅग मोटारीनं पुढे जाते, आणि वाट दाखवायला गाइड असतो. ग्राझालेमा, झाआरा, रोंदा अशी गावं. सगळी घरं चुन्यानं पांढरी. रोंदाला 1793 साली पुरा झालेला दगडी पूल आहे आणि त्याच्याखाली जवळजवळ शंभर मीटर खोल घळ. ग्राझालेमा तर स्पेनमधल्या सगळ्यात जास्त पावसाच्या गावांपैकी एक. सोलापूरच्या माणसाला हे ऐकूनच पोटात दुखतं.

"मामा, तुमचा गाइड कोण?" तिनं विचारलं.

मी बोट दाखवलं. अण्णा बंद शटरच्या पायरीवर बसून कडक भाकरी मोडत होते. शेंगाचटणी कागदावर, कागद मांडीवर.

अण्णा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडून जमाना झाला, पण वेळ ते अजून पाळीत मोजतात. सोलापूर ते तुळजापूर म्हणजे दीड पाळी, बारा तास. वाट म्हणाल तर राष्ट्रीय महामार्ग 52, शाळकरी पोरही चुकणार नाही. कोजागरीला तो वाहनांना बंद करतात आणि चौपदरी डांबर माणसांच्या ताब्यात येतं. पुढे माणसं, मागे माणसं, मधे हलगी. मग पुढे चालणारा म्होरक्या हवा कशाला? पहिल्या दोन खेपांत मलाही कळलं नव्हतं. तेव्हा मी अण्णांच्या पुढे पळायचो आणि माळुंब्र्याला रस्त्याकडेला आडवा सापडायचो.

दत्त चौक, मधला मारुती, तुळजापूर वेस करत आम्ही रूपाभवानीला आलो. सोलापूरकर इथं हात जोडल्याशिवाय तुळजापूरची वाट धरत नाहीत. इथून नाक्यापर्यंत सगळे पळतात. अंगात दम असतो, कपाळाला मळवट ताजा असतो, पोरं घोषणा देत सुटतात. आमच्यातला एक असाच सुटला तेव्हा अण्णा नुसतं म्हणाले, "पळूलालास कशाला बे? आई झोपलीय अजून."

हे खरंच. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की तुळजाभवानी पलंगावर निद्रा घेते ती थेट पौर्णिमेपर्यंत. नऊ दिवसांच्या युद्धानंतरची ही श्रमनिद्रा. मूर्ती चल आहे, म्हणून तिला सिंहासनावरून हलवता येतं. तिचा पलंग घोडेगावहून येतो, पालखी नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, आणि दोन्ही मजल दरमजल करत येतात. म्हणजे देवीचं अंथरूणसुद्धा चालतच येतं. आपल्याला कसली घाई?

अण्णांचं चालणं शिकून घेण्यासारखं आहे. पाऊल फार उचलत नाहीत. टाच टेकते न टेकते तोच अख्खा तळवा खाली येतो, जसं कुणी ओल्या फरशीवर चालावं. काठी दर दुसऱ्या पावलाला. डांबर दिवसभर तापलेलं असतं आणि रात्री आठपर्यंत खालून वाफ देतं, म्हणून तोवर साइडपट्टीवरून, मातीतून. नऊनंतर डांबरावर. मातीत अंधारात घोटा मुरगळतो.

आणि त्यांचं खरं कसब घोषणेत आहे. दर काही वेळानं अण्णा पुढून आवाज टाकतात, "आई राजा!" मागून आम्ही बारा-चौदा जण म्हणतो, "उदो, उदो!" मला वाटायचं, भक्ती. भक्ती आहेच. पण यंदा त्यांच्या शेजारून चालताना पाहिलं. घोषणा दिली की ते मान थोडी तिरकी करतात आणि उत्तर ऐकतात. उत्तर खणखणीत आलं तर तोच वेग. एखादा "उदो" धापेत तुटला, मागच्या मागे पातळ झाला, तर ते काही न बोलता पाऊल आखूड करतात. कुणाला कळतही नाही की आपण हळू झालो. साच्याच्या आवाजावरून धागा तुटल्याचं कळायचं, असं ते एकदा म्हणाले होते. मी ती जुन्या माणसाची बढाई समजलो होतो.

तळे हिप्परग्याला मश्रूम गणपतीच्या अलीकडे पहिला चहा. चंद्र उजव्या हाताला वर आलेला आणि एकरुख तलावाचं पाणी त्यात चमकत होतं. हा तलाव 1871 चा, इंग्रजांनी बांधलेला. शहराला पाणी पाजून पाजून थकलेला, पण चांदण्यात तरणा दिसतो. इथं अण्णांचा नियम असा: चहा उभ्यानं. बसलात की पाय जड होतात. अगदीच बसायचं तर बसू नका, आडवे व्हा आणि पाय दुभाजकावर टाका, दहा मिनिटं. भाचीनं लगेच घड्याळ लावलं.

उळ्याच्या पुढे मांडवच मांडव. साबुदाण्याची खिचडी, केळी, मसालेभात, राजगिऱ्याचे लाडू, एके ठिकाणी चक्क आइस्क्रीम. वाढणारी पोरं हात धरून ओढतात, "माउली, घ्या की!" नाही म्हणणं हे चालण्याहून अवघड. अण्णा प्रत्येक मांडवात हात पुढे करतात, चिमूटभर घेतात, बाकीचं शेजारच्या पोराच्या हातावर. वाढणाऱ्याचं मन मोडत नाही आणि पोटही भरत नाही. मी मात्र खिचडी दोनदा घेतली. पुढचे तीन किलोमीटर तिनं त्याची वसुली केली.

रस्त्यावर मराठी निम्मीच ऐकू येते. विजापूर, कलबुर्गीकडची माणसं कानडी बोलत जातात. ती कित्येक दिवस आधी घरून निघालेली असतात आणि आमचे पंचेचाळीस किलोमीटर त्यांच्या लेखी वेशीपर्यंतचा फेरफटका. आपल्या पूर्व भागातले पद्मशाली तेलुगूत गप्पा मारतात. बरेच जण अनवाणी. काही अनवाणी पायांत नुसते मोजे, नवस मोडत नाही आणि खडी टोचत नाही अशी तडजोड. त्याला हसू नये. मध्यरात्रीनंतर त्या मोज्यांची किंमत कळते.

तामलवाडी म्हणजे जवळपास निम्मी वाट. इथं आपण धाराशिव जिल्ह्यात असतो. अण्णांचे वडील याच वाटेनं चालायचे तेव्हा अलीकडे इंग्रजांचा मुलूख होता आणि पलीकडे निजामाचा. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान विलीन झालं आणि ती हद्द गेली. आता ओळखायची खूण म्हणजे टोलनाका. देवी परमुलखात आणि भक्त या मुलखात, अशी ती वारी. भाचीला अण्णांनी एवढाच इतिहास सांगितला. तिच्या स्पेनमधल्या गाइडनं म्हणे प्रत्येक कमानीपाशी पंधरा मिनिटं घेतली होती.

आणि तामलवाडीलाच माझा पाय गेला. चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही: दसऱ्याला घेतलेली नवी सँडल घालून आलो होतो. अकरा खेपा करून ही अक्कल. डाव्या टाचेला हिप्परग्यापासून चटका बसत होता, मी दाबून नेला. मोजा काढला तर रुपयाएवढा फोड, पाण्यानं टम्म.

आमच्यात पूर्व भागातल्या एक अक्का असतात. वर्षभर मांडी घालून विड्या वळतात आणि वर्षातून हा एक दिवस पाय मोकळे करतात. त्यांनी कमरेच्या पिशवीतून सुई काढली आणि विडीला बांधायच्या दोऱ्याची गुंडी. काडी पेटवून सुईचं टोक लाल केलं. माझी टाच गुडघ्यावर घेतली, मोबाइलचा उजेड भाचीच्या हाती. सुई फोडाच्या कडेनं आत, दुसऱ्या कडेनं बाहेर, वरची कातडी तशीच शाबूत. दोऱ्याची दोन बोटं टोकं दोन्हीकडे ठेवून तोडली. पाणी दोऱ्यावरून थेंबथेंब निथळायला लागलं. वर खोबरेल आणि हळद. "नोरु मूसुको," कळवळलो तेव्हा म्हणाल्या, तोंड मिट. डॉक्टर नाक मुरडतील आणि त्यांचं बरोबरच असेल. पण रात्री एक वाजता तामलवाडीला मी उभा राहिलो तो त्या दोऱ्यावर.

अण्णा लांबून बघत होते. "चटका कुठं लागला?"

"हिप्परग्याला."

"मग तिथंच का नाही बोललास? चटका लागला की थांबायचं असतंय. फोड आल्यावर थांबून काय करतोस?"

भाची हसली. तिच्या स्पेनच्या गाइडनं पहिल्या सकाळी हेच सांगितलं होतं म्हणे: पाय गरम लागला की लगेच हात वर करा, अख्खा गट थांबेल, लाजू नका. इतिहास त्यानं पुष्कळ सांगितला, तिला तो बराचसा आठवत नाही. हे आठवलं. तिच्या टाचांना तिनं रूपाभवानीलाच चिकटपट्टी लावली होती आणि मला सांगितलं नव्हतं, कारण मामाची अकरावी खेप.

दोन ते चार हा वेळ खराब. हलग्या थांबतात, बोलणं संपतं, नुसती चपलांची घसट ऐकू येते. माणसं चालता चालता झोपतात, हे खोटं वाटत असेल तर माळुंब्र्यापाशी उभं राहून बघा. डोळे मिटलेले आणि पाय चालू. या वेळात अण्णा घोषणा वाढवतात. उत्तर कसलंही येवो, दर पाच मिनिटांना. पहिल्या पाळीला भोंगा व्हायचा तसं. कुणाला बसू देत नाहीत, स्वतःही बसत नाहीत. पंचाहत्तरीचा माणूस. मी विचारलं, अण्णा, तुम्हाला झोप येत नाही? "येतीय की. म्हणून तर वरडूलालोय."

घाट सुरू झाला तेव्हा चंद्र डाव्या हाताला उतरला होता. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवर, तुळजापूर जवळपास दोनशे मीटर त्याच्या वर, बालाघाटाच्या काठाशी. आणि ही उंची पायांना जाणवते ती शेवटच्या टप्प्यात, पाय संपल्यावर. इथं अण्णा मागे जातात. रात्रभर पुढे असलेला माणूस घाटात सगळ्यांच्या शेवटी. पुढच्यांना आता देवी ओढते, मागच्यांना माणूस लागतो, असा हिशेब. मी मागच्यांत होतो.

वर घाटशीळ आहे. सीतेला शोधत आलेल्या रामाला देवीनं या शिळेवर उभं राहून लंकेची दिशा दाखवली, म्हणून ती रामवरदायिनी. "म्हणजे पहिली गाइड हीच," भाची म्हणाली. अण्णांनी हात जोडले आणि पुढची घोषणा दिली.

तुळजापूरचं देऊळ आणखी एक खोडी काढतं. घाट चढून आलात की देवळात जायला पायऱ्या उतराव्या लागतात. रात्रभर चाललेल्या गुडघ्यांना चढण परवडते, उतरण नाही. महाद्वारातून खाली बघा: शेकडो माणसं आडवी होऊन, खेकड्यासारखी उतरत असतात, काही चक्क पाठमोरी. कल्लोळ तीर्थात पाय बुडवले तेव्हा टाचेतला दोरा अजून तिथंच होता. सोलापूरच्या शिवलाड समाजाच्या मानाच्या काठ्या यायच्या होत्या, रांग वाढत चालली होती. मालकाचा नारळ फोडला.

परतीची एसटी इटकळ, बोरामणी करत वळणानं आली. अण्णा खिडकीला डोकं टेकून घोरत होते. दुपारी तीनला मी नवी पेठेत काउंटरमागे उभा होतो, एका पायावर.

पुढच्या अश्विन पौर्णिमेच्या आदल्या दिवशी यायचं असेल तर संध्याकाळी पाचला दत्त चौकात या. पिशवी हलकी ठेवा, मोजे दोन जोड घ्या, आणि चप्पल जुनी घाला.