धूर मोजण्याआधी शून्य मोजा

बाळापूर-अकोल्याकडच्यांना हे माहीत असतं: कापसाला आग लागली की तो भडकतोच असं नाही. जिनिंगमध्ये रुईच्या गाठीत ठिणगी अडकली, तर ती आतल्या आत कितीतरी वेळ धुमसते. ज्वाळा नाही, नुसता धूर. अशी आग ऑप्टिकल स्मोक सेन्सर चांगली पकडतो. पण कॅलिब्रेशन न करता चाचणी घेतली, तर त्याचा आकडा नेमका कशाचा, हे तुम्हालाच सांगता येणार नाही.

सेन्सरच्या काळ्या डबीत एक इन्फ्रारेड एलईडी असतो आणि त्याच्याशी कोन करून बसवलेला फोटोडायोड. प्रकाश डायोडवर थेट पडत नाही. धुराचे कण आत आले की तो विखुरतो, त्यातला थोडा डायोडवर पोचतो आणि व्होल्टेज वाढतं. मात्र स्वच्छ हवेतही डबीच्या भिंतींवरून थोडा प्रकाश परततोच. तेवढं व्होल्टेज म्हणजे तुमचं शून्य.

मी इथेच फसलो. सकाळी एकदा शून्य घेतलं आणि दिवसभरात कापसाच्या वातींवर अकरा चाचण्या उरकल्या. संध्याकाळी स्वच्छ हवेत पाहिलं तर शून्य वर सरकलेलं! डबीत तंतू बसले होते. आकड्यात धूर किती आणि तंतू किती, सांगता येईना. अकराही चाचण्या बाद.

म्हणून हा क्रम ठेवा:

१. सेन्सर अर्धा तास आधी चालू करा. एलईडी तापला की त्याचा प्रकाश कमी होतो, त्यामुळे तापमान स्थिर होऊ द्या आणि लिहून ठेवा. आपल्याकडच्या मे महिन्यात तर नक्कीच.

२. स्वच्छ, कोरड्या हवेत दहा मिनिटं रीडिंग घ्या. सरासरीबरोबर चढउतारही नोंदवा. वाफेचे थेंबही प्रकाश विखुरतात, हे विसरू नका.

३. बंद पेटीत धूर सोडून शेजारी प्रकाशझोताचा मापक ठेवा. सूत्र: (१० ÷ मीटरमधलं अंतर) × लॉग (सुरुवातीचा प्रकाश ÷ उरलेला प्रकाश). लॉग १० पायाचा. एका मीटरमध्ये प्रकाश ९० टक्के उरला, तर सुमारे ०.४६ डेसिबल प्रति मीटर.

४. चार-पाच पातळ्यांवर, धूर वाढताना आणि कमी होताना, दोन्ही वेळा रीडिंग घेऊन आलेख काढा.

५. प्रत्येक चाचणीनंतर शून्य पुन्हा तपासा. सरकलं असेल तर ती चाचणी बाजूला ठेवा.

आणखी एक. तुम्हाला मिळालेला उतार त्याच धुराचा असतो. कापसाचा पांढुरका धूर प्रकाश जास्त विखुरतो, तर इंधनाची काळी काजळी बराचसा शोषून घेते. म्हणूनच युरोपच्या ईएन ५४ मानकात चाचणीच्या आगी वेगवेगळ्या आहेत. त्यातली एक कापसाच्या वातींची: सुमारे ९० वाती, प्रत्येकी ८० सेंटिमीटर लांब.

गाइडला आलेख दाखवताना त्यावर तीन गोष्टी असू द्या: आधीचं शून्य, नंतरचं शून्य आणि धूर कशाचा होता ते. पुढचे प्रश्न मग निम्मे होतात.