आधी पाहा, मग फवारा

भातावर तुडतुडे दिसले की आपला हात पंपाकडे जातो. ‘थांबा’ असे आम्ही कितीही सांगितले तरी पटत नाही. दोष तुमचा नाही, नुसत्या सांगण्याचा आहे.

इंडोनेशियात फवाऱ्याने तुडतुडे खाणारे कोळीच मरत व तुडतुडे वाढत. १९८६ साली सरकारने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. पुढे १९८९ पासून बांधावर शेतीशाळा भरल्या. तेथे शेतकरी जाळीत कोळी व तुडतुडे एकत्र ठेवून कोण कोणाला खातो ते स्वतः पाहत.

आपणही बरणीत भाताचा फुटवा, एक कोळी व दहा तुडतुडे ठेवू, तोंडाला फडके बांधू. दुसऱ्या दिवशी मोजू. पंपाचे मग ठरवू.