म्हाताऱ्या मांजराचं घमेलं

मांजरासाठी घरात वेगळी सोय करावी लागते, हे बेळगाव-निपाणीकडच्या जुन्या माणसांना सांगितलं तर ती हसतील. घरामागं परडं असायचं. परड्यात कढीपत्ता, कर्दळ, धुण्याचा दगड आणि पाहिजे तेवढी माती. सकाळी दार उघडलं की मांजर बाहेर जायचं, पंजाने उकरायचं, बसायचं, वर माती ओढायचं आणि परत येऊन चुलीपाशी अंग चाटत बसायचं. पुढे बेळगावात शहापूर, वडगाव, टिळकवाडीकडे जुनी कौलारू घरं पडून इमारती उभ्या राहू लागल्या, उरलेल्या परड्यांत पेव्हर ब्लॉक बसले. माती गेली. मांजर राहिलं, आणि दोन वेळच्या दूधभाताची ददात नसल्याने म्हातारंही झालं.

त्यात बेळगावचा पाऊस. मिरग लागला की गणपती होईपर्यंत तांबड्या मातीचा नुसता चिखल. तरणं मांजर जिन्याखाली, पत्र्याखाली, शेजारच्या बांधकामाच्या वाळूत कुठंतरी कोरडी जागा हुडकतं. तेरा-चौदा वर्षांचं मांजर दारापर्यंत जातं, पावसाकडे बघतं आणि माघारी येऊन पायपुसण्यावर बसतं. घरात आरडाओरडा होतो. ‘इतकी वर्षं कधी घाण केली नाही, आता मुद्दाम करायलंय’ असा ठपका येतो. कुणी त्याचं नाक त्या ओल्यात घासतं, कुणी कोपऱ्याकोपऱ्यात डांबराच्या गोळ्या टाकतं, कुणी निळ्या पाण्याची बाटली ठेवतं. बाटलीचा उपयोग शून्य, निदान अपाय तरी नाही. डांबराच्या गोळ्या मात्र मांजराला विषारी असतात. नाक घासल्याने मांजर एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करायची नाही. मग ते कपाटामागं जातं आणि आठ दिवस वास कुठून येतोय ते कुणालाच कळत नाही.

सूड उगवणं मांजराला जमत नाही. इतकी वर्षं नीट वागलेल्या मांजराची सवय मोडली, तर आधी त्याचं शरीर तपासावं, स्वभाव नंतर. पशुवैद्यक दहा वर्षांपुढच्या मांजराला वयस्क धरतात. पंधरा वर्षांचं मांजर म्हणजे माणसाच्या हिशेबात पंचाहत्तरी गाठलेलं.

सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो मूत्रपिंडांचा. घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. थोड्या पाण्यात भागवायचं आणि लघवी घट्ट करून टाकायची, हे त्यांच्या मूत्रपिंडांचं कसब घरच्या मांजरातही उतरलं आहे. वयाबरोबर ते कमी होत जातं, आणि पंचाईत अशी, की मूत्रपिंडांचं सुमारे दोन तृतीयांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. मग लघवी पातळ आणि भरपूर होऊ लागते, तहान वाढते, आणि दिवसातून दोनदा बसणारं मांजर पाच-सहा वेळा बसू लागतं. चार किलोचं मांजर दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पीत असेल तर ती नेहमीची तहान नव्हे. वाटीत मापून पाणी घालायचं आणि चोवीस तासांनी किती उरलं ते बघायचं, एवढीच ही चाचणी. घरात दुसरं मांजर नसलं म्हणजे झालं! मधुमेहातही असंच होतं. भरपूर खाऊनही मांजर वाळत चाललं असेल, तर थायरॉइडची तपासणी करावी लागते. मांजरांतला हा आजार 1979 साली न्यूयॉर्कमध्ये पहिल्यांदा नोंदला गेला. आज तिकडच्या म्हाताऱ्या मांजरांत तो अगदी नेहमीचा आहे.

दुसरं कारण सांध्यांचं. याकडे घरच्यांचं लक्ष जात नाही, कारण मांजर लंगडत नाही आणि कण्हतही नाही. ते फक्त उडी मारणं सोडतं. पूर्वी माळ्यावर झोपणारं मांजर आता जमिनीवरच्या गोणपाटावर झोपतं, आणि घरातले म्हणतात, वय झालं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या पशुवैद्यकांनी बारा वर्षांपुढच्या 100 मांजरांचे एक्स-रे तपासून 2002 साली निष्कर्ष छापले. त्यांतल्या 90 मांजरांच्या सांध्यांत किंवा मणक्यांत झिजेच्या खुणा होत्या.

अशा मांजराला घरात शी-शूसाठी ठेवलेल्या वाळूच्या घमेल्याशी जरा थांबून बघावं. ते जवळ येतं, वाळू हुंगतं. पुढचे दोन पाय काठावर ठेवतं आणि तसंच उभं राहतं. मागचा पाय उचलायला जातं, अर्ध्यात खाली टेकवतं. कधी पुढचं अंग घमेल्यात आणि मागचं बाहेर अशा अवस्थेतच बसतं. त्याच्या लेखी ते घमेल्यातच असतं, शू मात्र फरशीवर वाहते. आत पोचलंच, तर खोल भुसभुशीत वाळूत मागचे पाय रुततात. शी करताना कंबर वाकवून बराच वेळ तोल सांभाळावा लागतो, म्हणून शू आत आणि लेंड्या बाहेर असा प्रकारही होतो. दोन-चारदा दुखलं, की त्या जागेचीच धास्ती बसते.

बांधकामाचं घमेलं गोल, उंच काठाचं आणि जेमतेम दीड फुटाचं असतं. तरण्या मांजराला ते चालतं. म्हाताऱ्याला जागा हवी ती नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट, म्हणजे सव्वादोन फुटांच्या आसपास. आत जायचा काठ चार बोटांपेक्षा उंच नको. पेट शॉपमधले बहुतेक ट्रे या मापात बसत नाहीत. त्यापेक्षा भांड्यांच्या दुकानातला पसरट प्लास्टिकचा टब घ्यावा, एका बाजूने तापल्या सुरीने खाली कापावा आणि कडा कानशीने घासून काढावी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्यांत कुणी ओळखीचं असेल तर पत्र्याचाही करून मिळेल, पण लघवीने पत्रा गंजतो आणि थंडीत गार पडतो. वर झाकण नको. वाळूचा थर दोन बोटांचा पुरे.

टब ठेवायचा तो मांजर जिथं दिवस काढतं तिथं, पण जेवणाच्या वाटीशेजारी नाही आणि वॉशिंग मशीनच्या धडधडाटाजवळ तर नाहीच. दुमजली घरात खाली एक, वर एक. घरात जितकी मांजरं, त्याहून एक टब जास्त, असा पशुवैद्यकांचा ठोकताळा आहे. म्हाताऱ्या मांजराला पल्ला गाठता येत नाही, म्हणून एकट्या मांजरालाही दोन टब बरे.

आणि आत घालायचं काय? बाजारात मिळणाऱ्या दाण्यांची गोष्ट अशी: अमेरिकेतलं मिशिगन राज्य, कॅसोपोलिस गाव, 1947 चा जानेवारी. एका बाईंचा वाळूचा ढीग बर्फाने गोठला. राख घातली तर मांजराच्या काळ्या पावलांनी घर बरबटलं. त्यांनी शेजारच्या एडवर्ड लो यांच्याकडे थोडी वाळू मागितली. लो यांचा धंदा कारखान्यांत सांडलेलं तेल शोषून घेणाऱ्या वस्तू विकण्याचा. आपल्याकडे त्यासाठी भुसा टाकतात तसा. त्यांनी वाळूऐवजी भाजलेल्या मातीचे दाणे दिले. आपल्याकडे चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्याच जातीची ही माती. बाई पुन्हा मागायला आल्या, तेव्हा लो यांनी दहा पिशव्या भरल्या आणि त्यांवर ‘किटी लिटर’ असं नाव लिहिलं. आज जगभर चाललेल्या मोठ्या धंद्याची सुरुवात ती. भिजल्यावर गोळा होणारं लिटर 1980 च्या दशकात आलं. ते बेंटोनाइट मातीचं असतं. आपल्याकडे ही माती कच्छ आणि राजस्थानात निघते.

बेळगावच्या बाजारात हे लिटर मिळतं, पण साठी-सत्तरीच्या माणसाला अचानक नव्या घरात आणून सोडावं, तसं जन्मभर तांबड्या मातीत बसलेल्या मांजराला त्या पांढऱ्या दाण्यांचं होतं. त्यातून सुवासिक असलं तर आणखी वाईट. तो सुवास माणसासाठी असतो. म्हणून आधी टबात त्याच्या ओळखीचीच माती घालावी. निपाणीकडे, वेदगंगेच्या काठची काळी माती ओली झाली की पंजाला चिकटते, तिथं चाळलेली बारीक वाळू बरी. मांजर बसायला लागलं, की दर दोन-तीन दिवसांनी मूठ-मूठ लिटर मिसळत जावं. मिरगाच्या आधी लोक शेणी आणि सरपण आत घेतात, तेव्हाच कोरड्या मातीचं एक पोतं पत्र्याखाली ठेवलं, तर जुलैत धावाधाव होत नाही.

घाण रोज दोनदा काढायची. टब साध्या साबणाने आणि गरम पाण्याने धुवायचा, फिनेलने अजिबात नाही. फिनॉलसारखी द्रव्यं निकामी करण्याचं काम माणसाचं यकृत सहज करतं, मांजराचं करत नाही. फिनेल लावलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले, तरी ते पोटात जातं. याच कारणाने पॅरासिटामॉलही मांजराला घातक आहे. दुखतंय बिचाऱ्याचं, म्हणून मायेने दिलेली अर्धी गोळी त्याचा जीव घेऊ शकते.

काही मांजरांची डोक्याचीच गडबड होते. अकरा ते चौदा वर्षांच्या मांजरांत साधारण चारातल्या एकाच्या आणि पंधरापुढच्यांत निम्म्यांच्या वागण्यात म्हातारपणाचे बदल दिसतात, असं या विषयातले अभ्यासक सांगतात. मध्यरात्री उगाच ओरडणं, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, टबाची जागा विसरणं. त्यात रक्तदाब वाढून अचानक आंधळेपण आलं, तर टब दिसतच नाही. अशांसाठी टबापाशी झिरोचा बल्ब लावावा, आणि घरातलं सामान सारखं हलवू नये. म्हणून काही ते जगायला नालायक ठरत नाही. लंडनजवळची फ्लॉसी नावाची मांजरी 2022 साली सव्वीस वर्षांची असताना गिनीज बुकात गेली, तेव्हा तिला ऐकू येत नव्हतं आणि दिसतही कमीच होतं.

एका बाबतीत मात्र वाट बघायची नाही. बोका पुन्हा पुन्हा बसतोय, कुंथतोय आणि थेंबही येत नाही, तर मूत्रमार्ग अडलेला असू शकतो. त्याला बद्धकोष्ठ समजून लोक एरंडेल पाजतात. एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. निपाणीकरांना कोल्हापूर चाळीसेक किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट.

आपल्या भागात यावर एक जुना उपाय आहेच: मांजराला पोत्यात घालून लांब माळावर सोडून येणं. मांजर मारलं तर पाप लागतं म्हणणारी माणसंही हे बिनदिक्कत करतात. गुडघे गेलेलं, दूधभातावर वाढलेलं मांजर माळावर काय शिकार करणार? 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे, उपाशी-तहानलेलं राहील अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! लिटरची पिशवी त्याहून महाग पडते.

डॉक्टरांकडे जाताना मांजराबरोबर नोंदी न्याव्यात. भिंतीवरच्या कालनिर्णयात दुधाचा हिशेब लिहितात, त्याच चौकोनात टबातले ओले गोळे किती, लेंड्या किती, बाहेर कुठं बसलं आणि पाणी किती प्यायलं, एवढं लिहावं. पायपुसण्यावर बसलं की टबाशेजारी, भिंतीवर उभ्याने फवारा मारला की खाली बसून तळं केलं, हेही लिहावं. उभ्याने फवारा म्हणजे बहुधा हद्दीचं भांडण, त्याचा आजाराशी संबंध नसू शकतो. लघवीचा नमुना हवा असेल तर टब धुऊन कोरडा करायचा, त्यात मासे पाळायच्या टाकीतले धुतलेले खडे पसरायचे, आणि मांजर बसून गेलं की टब तिरका करून सुई नसलेल्या सिरिंजने लघवी ओढून घ्यायची. दोन-तीन चमचे पुरतात. नमुना तासा-दोन तासांत पोचला तर उत्तम, नाहीतर बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, आणि ती कशाची आहे ते वर ठळक अक्षरात लिहायचं.