आपटलेली बॅटरी

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्याची विजेवर चालणारी सायकल चिऱ्याच्या पायऱ्यांवरून घसरली व तिची बॅटरी दगडावर आपटली. “सर, दिवा तर लागतो, मग बिघडले कुठे?” असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता. परंतु येथे दिव्याची साक्ष पुरेशी नाही.

३६ व्होल्टच्या अशा बॅटरीत लिथियम-आयन घटांचे सामान्यतः १० संच एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक घटात धन व ऋण थरांच्या मध्ये केसाहूनही पातळ असा सच्छिद्र पडदा असतो. आघाताने तो फाटला, म्हणजे दोन्ही थर आतल्या आत भिडतात, उष्णता वाढत जाते आणि घटातील ज्वालाग्राही द्रव पेट घेऊ शकतो. हे तत्काळच घडेल असे नाही. काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, विशेषतः बॅटरी चार्ज करताना घडू शकते.

म्हणून प्रथम सायकल बंद करावी. बॅटरी फुगली वा चेपली असेल, गोडसर उग्र वास येत असेल, आत फुसफुस ऐकू येत असेल, वापर नसताही ती तापत असेल, तर तिला हात लावू नये. धूर दिसताच दूर जाऊन १०१ वर अग्निशामक दलास कळवावे. तसे काही नसल्यास ती काढून घराबाहेर, कोरड्या सावलीत, लाकूडफाट्यापासून दूर ठेवावी. (आमच्याकडे चार्जर नेमका दाराशी लावतात; आग लागली तर बाहेर पडायचे कोठून?) कवच स्वतः उघडू नये. जाणकाराकडून प्रत्येक संचाचा विद्युद्दाब मोजवून घ्यावा, आणि तोवर चार्जरला लावू नये.

त्या मुलाच्या बॅटरीतील एक संच दोनच दिवसांत इतरांहून बराच उतरला होता. कवचावर ओरखडासुद्धा नव्हता.