गाठ कोणती, ते आधी कळू द्या

आवाज बसला की आपल्या वस्तीत पहिला सल्ला हळद-दुधाचा, दुसरा मिठाच्या गुळण्यांचा. खुशाल करा. पण तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच राहिला, तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीने स्वरयंत्र बघायलाच हवे. थुंकीत रक्त, गिळताना त्रास किंवा मानेत गाठ असेल तर तेवढेही थांबू नका. श्वासाला घरघर लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

स्वरयंत्राचा कॅन्सर बहुतेक वेळा आतल्या अस्तराचा असतो. त्यामागे विडी, तंबाखू, दारू असते. पंचशीलातले पाचवे शील आपण विहारात म्हणतो, ते घशासाठीही खरे आहे. पण म्हणून आजारी माणसाला "भोग आता" म्हणणे आम्हाला पटत नाही. लाजेने माणूस तपासणी लांबवतो. शिवाय काही दुर्मीळ कॅन्सर विडीला हात न लावलेल्यालाही होतात.

हे दुर्मीळ प्रकार फसवे. कूर्चेचा कॅन्सर अस्तराखाली हळूहळू वाढतो. वरून फक्त गुळगुळीत फुगवटा दिसतो. वरवरचा तुकडा तपासला तर काहीच सापडत नाही, म्हणून सीटी स्कॅन लागतो. त्यावर मुख्य उपचार शस्त्रक्रिया, आणि पुष्कळदा स्वरयंत्राचा काही भागच काढून भागते. लाळग्रंथींचा एक प्रकार वर्षांनंतर फुप्फुसात निघतो, म्हणून बरे वाटले तरी तपासणी सोडायची नाही. लहान पेशींचा कॅन्सर झपाट्याने पसरतो. त्याला केमो आणि रेडिएशन. लिम्फोमात तर स्वरयंत्र काढायची सहसा गरजच नसते. स्वरयंत्राचा टीबीसुद्धा दिसायला कॅन्सरसारखाच, आणि तो गोळ्यांनी बरा होतो. तक्रार सगळ्यांची एकच, आवाज बसला. फरक कळतो तो बायोप्सीत.

"तुकडा काढला की कॅन्सर पसरतो" ही भीती खोटी आहे. तुकडा न तपासता उपचार सुरू करणे हाच खरा धोका.

खोडाळ्याच्या आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घेऊन जव्हारच्या कुटीर रुग्णालयात किंवा नाशिकला जाता येते. प्रकार दुर्मीळ निघाला तर परळचे टाटा रुग्णालय गाठा. 1941 पासून तिथे कॅन्सरचेच काम चालते. विहीगावमार्गे कसारा, तिथून लोकलने दादर. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. निघताना पहिल्या रुग्णालयातून रिपोर्टबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. मोठ्या रुग्णालयातले डॉक्टर त्याच पुन्हा तपासतात.