केएमटीतला अनोळखी दर्दी

वीस आवडींची यादी करा. फुटबॉल, हार्मोनियम, बुद्धिबळ, जुने सिनेमे, पक्षिनिरीक्षण, असं काहीही. प्रत्येकानं त्यातल्या कोणत्याही तीन निवडायच्या. आता कोल्हापुरातल्या केएमटीच्या बसमध्ये तुमच्याभोवती पाच अनोळखी माणसं आहेत. त्यांतल्या एकाशी तरी तुमची एखादी आवड जुळेल, याची शक्यता किती?

तब्बल 92 टक्के! सगळ्या आवडी सारख्याच लोकप्रिय धरून केलेला हा हिशेब आहे. कोल्हापुरासारख्या फुटबॉलवेड्या गावात तर जुळण्याची शक्यता सर्वसाधारणपणे वाढतेच.

म्हणजे समान आवडीची माणसं जोडणारं स्टार्टअप काढायला निघालेल्या कॉलेजच्या मुलांपुढचं कोडं वेगळंच आहे. जोडीदार शेजारीच बसलाय, पण ते दोघांनाही ठाऊक नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी 1981 साली एक सुंदर गोष्ट मांडली. माणसं बहुधा थेट एकमेकांशी जोडली जात नाहीत, ती आधी एखाद्या ठिकाणाशी किंवा उपक्रमाशी जोडली जातात. तिथं पुन्हापुन्हा गाठ पडते आणि ओळखी आपोआप होतात. कोल्हापुरात हे पेठापेठांत दिसतं. पाटाकडील, दिलबहार ही नावं तालमींची, आणि त्यांचेच संघ फुटबॉलच्या मैदानात उतरतात.

मला मात्र याहून भारावून टाकतो तो इथला देवल क्लब. गाण्याच्या वेडानं एकत्र आलेल्या मंडळींची ही जागा. हार्मोनियम बरीचशी स्वतःच्या कानानं शिकलेले गोविंदराव टेंबे संगीताच्या पहिल्या संस्काराचं श्रेय या क्लबला देत. हेच टेंबे 1932 साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीनं काढलेल्या ‘अयोध्येचा राजा’ या पहिल्या मराठी बोलपटाचे संगीतकार झाले, आणि त्यातली हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच! हौशी मंडळींची एक बैठक माणसाला केवढं लांब नेऊ शकते!

मग या मुलांच्या ॲपनं सुरुवात कुठून करावी? फेसबुक 4 फेब्रुवारी 2004 रोजी सुरू झालं ते फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी. मग एकेक कॉलेज जोडत गेलं, सर्वांना दार उघडलं 2006 मध्ये. नव्यानं आलेल्याला पहिल्याच दिवशी कुणीतरी भेटायला हवं, नाहीतर तो परत फिरकत नाही. राज्यभर विखुरलेल्या 500 सभासदांपेक्षा एकट्या शिवाजी पेठेतले 500 म्हणूनच कितीतरी मोलाचे. गल्लीतली माणसं संध्याकाळी खरोखर भेटू शकतात.

पहिला प्रयोग तर शिवाजी विद्यापीठाच्या वसतिगृहाच्या मेसमध्येही होईल. जेवायला 30 जण असले तर जोड्या होतात 435. प्रत्येकानं आपल्या तीन आवडी कागदावर लिहून भिंतीला लावाव्यात. आपल्या मघाच्या हिशेबानं त्यांतल्या सुमारे 175 जोड्यांमध्ये काहीतरी समान निघेल.