कात आणि कवच

शेताच्या बांधावर किंवा दगडांच्या फटीत अडकलेली सापाची कात तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. वाऱ्याने ती जरा हलली, तरी पाहणारा दोन पावले मागे सरतो. वास्तविक तिच्यात भिण्याजोगे काहीच नाही. तिला विष नसते आणि सापाचे रंगही तिच्यात फारसे उतरत नाहीत. कारण रंग खालच्या थरात असतात व टाकला जातो तो त्वचेचा वरचा मृत थर. साप वाढतो, पण हा थर त्याच्याबरोबर वाढत नाही. म्हणून झपाट्याने वाढणारी पिल्ले मोठ्या सापांपेक्षा अधिक वेळा कात टाकतात.

कात टाकण्यापूर्वीचे काही दिवस सापाला मोठे कठीण जातात. त्याला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो. जुन्या व नव्या त्वचेच्या मध्ये द्रव पाझरू लागला, की हा खवला दुधाळ निळसर होतो आणि सापाला नीट दिसेनासे होते. असा साप बहुधा अन्न सोडून अडचणीच्या जागी पडून राहतो. डिवचल्यास मात्र लवकर चिडतो. पुढे डोळे निवळतात. मग तो खरखरीत दगडावर तोंड घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि तो पुढे सरकत तिच्यातून बाहेर पडतो. पायमोजा उलटा करून काढावा, तशी ती उलटी होते. सुटताना ताणली गेल्यामुळे ती सापाहून लांब भरते. तेव्हा कातीवरून सापाची लांबी सांगणाऱ्याच्या बोलण्यातून थोडी वजावट करावी!

खेकड्याची अवस्था याहून बिकट असते. कवच हेच त्याचे चिलखत आणि शरीराचा आधारही तेच. कवचाची मागची कड उकलते व खेकडा मागे सरत सरत नांग्या, पाय, डोळ्यांचे देठ, सारे सोडवून घेतो. जठराचे अस्तरसुद्धा जुन्या कवचाबरोबर निघते. या खटपटीत कित्येक खेकडे अडकून मरतात. जो सुटतो, तो अगदी मऊ असतो. नवे कवच मोठ्या मापाचे व्हावे म्हणून तो पाणी शोषून अंग फुगवतो. कवच कठीण होईपर्यंत चिमटा घेण्याचे बळही त्याच्या नांगीत नसते. मासे आणि पक्षीच काय, इतर खेकडेही त्याला खातात; म्हणून तो दडून बसतो. पूर्वी एखादी नांगी तुटली असेल, तर तिच्या जागी नवी, प्रथम लहानशी, नांगी याच वेळी बाहेर येते.

स्वयंपाकघरात क्वचित पांढरेशुभ्र झुरळ दिसते. ते निराळ्या जातीचे नव्हे. त्याने नुकतेच जुने आवरण टाकलेले असते, आणि काही तासांत ते पुन्हा तपकिरी होते.